बोटीवरचा फ्यूज किती अँपियरचा?

मंडळी, रेवदंड्याच्या खाडीत, कोर्लईच्या किल्ल्यासमोर नांगरलेल्या मासेमारीच्या बोटी तुम्ही पाहिल्या असतील. दिवे, वायरलेस, मासळीचा थवा दाखवणारे यंत्र, तळातले पाणी उपसणारा पंप, या सगळ्यांना वीज लागते आणि ती येते बॅटरीतून. ही बॅटरी बहुधा १२ किंवा २४ व्होल्टची. घरातल्या २३० व्होल्टांसारखा तिचा झटका बसत नाही. म्हणून पुष्कळांना वाटते, हिला काय भ्यायचे? पण भर समुद्रात खरी भीती आगीची, आणि आग लावायला १२ व्होल्ट पुरतात.

कसे ते पाहा. उपकरणावर त्याचे वॅट लिहिलेले असतात. वॅटला व्होल्टने भागले, की प्रवाह किती अँपियर ते कळते. ६० वॅटचा दिवा घरात सुमारे पाव अँपियर घेतो. तितक्याच वॅटचा दिवा १२ व्होल्टांवर ५ अँपियर घेतो, म्हणजे जवळजवळ वीसपट! आणि तार तापते ती या प्रवाहाने. प्रवाह दुप्पट झाला, की उष्णता चौपट होते. त्यातून दोन उघड्या तारा एकमेकींना चिकटल्या, तर भरलेली बॅटरी क्षणात शेकडो अँपियर ओतते. तारेवरचे प्लास्टिक पेट घेते, आणि शेजारी डिझेल, नायलॉनची जाळी, लाकूड ही असतातच. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे अलिबागजवळच्या समुद्रात एका मासेमारी बोटीला आग लागली. सुदैवाने १८ जण वाचले. आगीचे कारण शॉर्टसर्किट असावे, असा अंदाज त्या वेळी व्यक्त झाला होता.

अशी आग अडवायला फ्यूज असतो. फ्यूज म्हणजे वाटेत मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा. प्रवाह बेसुमार वाढला, की तो आधी वितळतो आणि वाट तोडतो. आता एक प्रश्न. फ्यूज कोणाला वाचवतो? पुष्कळजण म्हणतील, दिव्याला, यंत्राला. पण त्याचे पहिले काम तारेला वाचवण्याचे. ही गोष्ट ध्यानात ठेवली, म्हणजे फ्यूज निवडणे सोपे होते.

पहिली पायरी प्रवाहाची. समजा, पंप १२ व्होल्टांचा आणि ६० वॅटचा आहे. प्रवाह झाला ५ अँपियर. त्यात पाव हिस्सा मिळवा, सव्वासहा झाले. बाजारात त्याच्या वरचा फ्यूज साडेसातचा मिळतो, तो घ्या. मात्र पंपावर किंवा यंत्रावर कारखान्याने फ्यूजचा आकडा दिला असेल, तर तोच पाळा. जाळ्याचा धागा अडकून पंप जाम झाला, की मोटार भलताच प्रवाह ओढते आणि जळते. तो आकडा त्यासाठी असतो.

दुसरी पायरी तारेची. तांब्याच्या साध्या वायरीला, सावधपणे, १ चौरस मिलिमीटरला साडेसात, दीडला १०, अडीचला १५ आणि ४ ला २० अँपियर याहून मोठा फ्यूज लावू नये. पंपाला साडेसातचा हवा आणि तार अडीचची आहे, तर ठीक. पण उपकरणाला १५ चा हवा आणि तार १ ची असेल, तर फ्यूज नव्हे, तार बदला.

तार लांब असेल तर आणखी जाड घ्या. बॅटरीपासून १० मीटरवर दिवा असेल, तर जाऊन-येऊन २० मीटर तार होते. १ चौरस मिलिमीटरच्या तारेत ५ अँपियरला जवळजवळ पावणेदोन व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. अडीचच्या तारेत पाऊणहून कमी.

तिसरी पायरी जागेची. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात बसवा. फ्यूज दिव्याजवळ बसवला, तर बॅटरीपासून दिव्यापर्यंतची सगळी तार उघड्यावर राहते. जिथे जाड तारेतून बारीक तार फुटते, तिथे त्या बारकीचा वेगळा फ्यूज हवा.

पात्यांच्या फ्यूजचे रंग ओळखायला सोपे: ५ चा बदामी, साडेसातचा तपकिरी, १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. प्रत्येक जातीचे चार-पाच फ्यूज कोरड्या डबीत जवळ ठेवा. रात्री फ्यूज उडाला, तर त्याच आकड्याचा एकदा घाला. पुन्हा उडाला, तर दोष शोधा. तांब्याचा धागा किंवा सिगारेटची चांदी लावून काम भागवू नका. तसे केले, की पुढचा फ्यूज म्हणजे तुमची तारच.

एक मर्यादाही सांगतो. खाऱ्या हवेने सांधा हिरवा पडला, सैल झाला, तर तो नेहमीच्याच प्रवाहाने तापतो. फ्यूजला त्याचा पत्ता नसतो. म्हणून १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत बोट किनाऱ्यावर ओढलेली असते, तेव्हा प्रत्येक सांधा हाताने तपासा. जमल्यास कल्हई केलेली तांब्याची वायर वापरा.

गुरुजनांनी हे वर्गात दाखवावे. टॉर्चचे दोन सेल, थोडी तार आणि स्टील वूलचा केसाएवढा तंतू फरशीच्या तुकड्यावर ठेवा. जोडताच तंतू लाल होऊन तुटतो, तार मात्र शाबूत राहते. ज्या मुलांचे वडील रात्री दर्यावर जातात, त्यांनी हे डोळ्यांनी पाहिले आणि घरी जाऊन विचारले, "बाबा, आपल्या बोटीचा फ्यूज कितीचा?" तर या माहितीचे चीज झाले.