थेंबभर तेल

बोटावर धरून टिचकी मारली की जे बेअरिंग जास्त वेळ गरगरते ते उत्तम, अशी रिमोटच्या गाड्या पळवणाऱ्या पोरांची ठाम समजूत असते. माझ्या नातवाचीही होती. बँकेत जन्मभर चकचकीत ताळेबंद पाहिलेल्या माणसाला हे कसे पटावे? तेल संपलेले, कोरडे बेअरिंगच हातात सर्वांत छान गरगरते, आणि शर्यतीत भार पडला की तेच आधी मरते.

जपानच्या तामियाच्या गाडीतले ‘११५०’ बेअरिंग म्हणजे बाहेरून ११ मिलिमीटर, आतून ५. पोटात मोहरीएवढ्या पोलादी गोळ्या. रबरी झाकण टाचणीने अलगद उचलायचे, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काळा गाळ सुटेपर्यंत बेअरिंग खळबळायचे आणि सुकवायचे. पंपाच्या हवेने ते शिटीसारखे फिरवायचा मोह पोरांना फार. कोरड्या गोळ्यांवर ओरखडे उठतात ते तेव्हाच! मग पातळ तेलाचा एकच थेंब. मातीच्या ट्रॅकवर चाकांना मात्र ग्रीस बरे. फिरणे जरा जड होते, पण धूळ अडते.

धुऊनही बोटाला खरखर लागली तर? नातू पुन्हा धुतो, पुन्हा तेल घालतो. खाऊचे पैसे त्यात गुंतलेले ना! पण गोळ्यांची वाट एकदा खरवडली की तेलाने ती भरत नाही. असे बेअरिंग धावताना अडकले, तर त्याला धरणारे प्लास्टिकही तापून वितळते.

गेल्या रविवारी त्याने अशी दोन बाजूला काढली. नवी बसवायला फार वेळ लागला नाही. जुनी अजून त्याच्या कंपासपेटीत आहेत.