टीडीएसच्या आकड्यात जंतू दिसत नाहीत

उल्हास नदीतून शहाड आणि मोहिली येथे उचललेले पाणी शुद्ध होऊन ठाणे, कल्याण व डोंबिवलीच्या सोसायट्यांपर्यंत पोहोचते, आणि तेथे टीडीएस मीटर नावाच्या पेनाएवढ्या उपकरणाचा आकडा कमी आला की पाण्यात जंतू नाहीत, असा निर्वाळा सर्रास दिला जातो. हा समज साफ चुकीचा आहे. ते मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजते व तिच्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज बांधते. जीवाणू मुळात विरघळलेला नसतोच. ई. कोलाय या आतड्यात राहणाऱ्या जीवाणूची एक पेशी सुमारे 1 पिकोग्रॅमची, म्हणजे ग्रॅमच्या लाख कोटीव्या भागाएवढी असते. लिटरभर पाण्यात अशा 10 लाख पेशी असल्या, तरी त्यांचे एकूण वजन 1 मायक्रोग्रॅम भरते, आणि मीटरच्या आकड्यातील सर्वांत लहान पायरी याच्या हजारपट, म्हणजे 1 मिलिग्रॅमची असते. उलट आयएस 10500:2012 या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याच्या 100 मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय अजिबात आढळता कामा नये. म्हणून टीडीएस दाखवून जंतूंची हमी देणे ही लोकांच्या आरोग्याशी निगडित दिशाभूल आहे, मग ती अज्ञानातून होवो वा विक्रीसाठी.

जीवाणू खरोखर ओळखण्यासाठी जैवसंवेदक, म्हणजेच बायोसेन्सर, विकसित केले जात आहेत. त्यांच्या पृष्ठभागावर ठरावीक जीवाणूलाच चिकटणारी प्रतिपिंडे बसवलेली असतात आणि जीवाणू चिकटताच प्रकाशात किंवा विजेच्या प्रवाहात होणारा बदल टिपला जातो. ठाण्याजवळच पवईत, आयआयटी मुंबईचे सौम्यो मुखर्जी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात, वरचे आवरण काढून यू आकारात वाकवलेल्या प्रकाशतंतूच्या साहाय्याने, दर मिलिलिटरला 1000 हून कमी ई. कोलाय ओळखता आल्याची नोंद आहे. जीवाणू 280 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषतात, हा त्यामागील आधार.

मात्र असा संवेदक आला की प्रयोगशाळेचे काम संपले, हा दुसरा गैरसमज होय. दर मिलिलिटरला 1000 म्हणजे 100 मिलिलिटरमध्ये 1 लाख, आणि मानकाला अपेक्षित आहे शून्य. ही दरी भरण्यासाठी नमुना गाळून जीवाणू एकवटावे लागतात. शिवाय प्रतिपिंडे क्लोरीनने मेलेल्या पेशींनाही चिकटू शकतात, त्यामुळे जिवंत जीवाणूंची वाढ तपासणारी, साधारण एक दिवस घेणारी जुनी चाचणी अजून टाळता येत नाही.

नितळ पाणी निर्जंतुक असतेच असे नाही, कारण काही मायक्रोमीटरचा जीवाणू डोळ्यांना दिसत नाही. क्लोरीनचा हलका वास हे पाणी बिघडल्याचे लक्षण नसून संरक्षण शिल्लक असल्याचे चिन्ह आहे. आणि केंद्रातून निर्धोक निघालेले पाणी नळापर्यंत तसेच राहील, हेही गृहीत धरता येत नाही, कारण पुरवठा थांबल्यावर रिकाम्या जलवाहिनीत गळक्या सांध्यांतून बाहेरचे सांडपाणी ओढले जाऊ शकते.