कोपराचा पट्टा: कुठे बांधायचा, कधी काढायचा?

मच्छीमार बांधवांनो, नाव ‘टेनिस एल्बो’ असलं तरी दुखणं आपलंही आहे. सचिन तेंडुलकरला 2004 मध्ये यानेच मैदानाबाहेर बसवलं होतं. ओलं जाळं ओढा, दोर ओढा की संध्याकाळी बॅट धरा, मूठ घट्ट आवळावीच लागते. तेव्हा मनगट सावरणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे जोडलेले असतात, तिथे ताण येतो.

पट्टा त्या दुखऱ्या हाडावर बांधू नका. हाडापासून साधारण दोन बोटं खाली, मनगटाच्या बाजूला, मांसल भागावर बांधा. मूठ आवळली की दाब जाणवला पाहिजे. बोटांना मुंग्या आल्या तर लगेच सैल करा. खेळ किंवा काम संपलं की काढा. झोपताना तर नकोच.

पट्ट्याने ताण कमी होतो, दुखणं बरं होत नाही. दुखत नाही म्हणून जास्त ओढलं तर त्रास वाढणारच.

त्यासाठी व्यायाम हवा. हात टेबलावर, पंजा कडेबाहेर, तळहात खाली. पाण्याची छोटी बाटली धरा. दुसऱ्या हाताने मनगट वर उचला आणि सावकाश खाली सोडा. असं 10-15 वेळा. आपल्या गोव्यात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी असते, तेव्हा हे नेमाने करा.

हात सुन्न पडला, कोपर सुजलं किंवा काही आठवड्यांत फरक पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवा. हात शाबूत तर होडी चालू!