ग्रंथपालांची शाळा

विद्यार्थी शाळेत शिकतात, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु महाविद्यालयातील ग्रंथपालासही वेळोवेळी विद्यार्थी व्हावे लागते, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. ग्रंथपाल म्हणजे कपाटाच्या किल्ल्या सांभाळणारा इसम, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही, हे आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

ग्रंथपालन हे शिकण्याचे शास्त्र आहे, ही गोष्ट आपल्या देशात आरंभीच ओळखणाऱ्यांत बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड हे अग्रणी होत. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेल्या ह्या राजाने १९१० साली बॉर्डन नामक अमेरिकन तज्ज्ञास पाचारण केले व लवकरच ग्रंथपालांचा वर्ग सुरू करविला. पुढे १९२४ साली मद्रास विद्यापीठाने गणिताचे अध्यापक रंगनाथन यांस ग्रंथपाल नेमिले. त्यांस हे शास्त्र शिकण्याकरिता लंडनला जावे लागले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. ग्रंथालय हे सजीवाप्रमाणे वाढत असते, असा त्यांतील पाचव्याचा आशय आहे. ग्रंथालय वाढते, तर ग्रंथपालाचे ज्ञान आहे तेवढेच राहून कसे चालेल?

आज तर ग्रंथ कपाटाबाहेर गेले आहेत. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट ही संस्था देशातील विद्यापीठांचे प्रबंध 'शोधगंगा' नामक संग्रहात सर्वांस विनामूल्य उपलब्ध करून देते. समजा, कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलास गुलाबी बोंडअळीविषयी निबंध लिहावयाचा आहे. ग्रंथपालास ही वाट ठाऊक असेल, तर घटकाभरात त्याच्यापुढे अनेक प्रबंध येतील. ठाऊक नसेल, तर तो रिक्त हस्ते परत जाईल. ज्याच्या घरी एकही ग्रंथ नाही, त्याचे नुकसान सर्वांत अधिक!

ही नवी विद्या शिकण्याकरिता वणी, पुसद वा उमरखेड येथील ग्रंथपालाने परगावी जाऊन राहावे, तर मागे ग्रंथालय कोणी चालवावे? ही अडचण ऑनलाइन वर्गांनी बरीच दूर केली. केंद्र सरकारने २०१७ साली 'स्वयम्' ही योजना सुरू केली. तीत व्याख्याने पाहावयाची, टिपणे वाचावयाची, स्वतःची चाचणी घ्यावयाची व शंका विचारावयाच्या, अशी चतुर्विध व्यवस्था आहे. २०१८ साली 'अर्पित' नावाने अध्यापकांकरिता सुमारे ४० तासांचे उजळणीवर्ग निघाले; त्यांत ग्रंथालयशास्त्रासही स्थान मिळाले.

अर्थात ह्या पद्धतीत उणिवाही आहेत. वीज गेली की व्याख्यान थांबते. सहाध्यायांचा सहवास लाभत नाही. आणि नुसते प्रमाणपत्र मिळविण्यापुरते शिकणारास काहीच साधत नाही. शिकलेले दुसऱ्या दिवशी वाचकाच्या उपयोगी पडले, तरच ते खरे शिक्षण होय.

पालकांस आमची विनंती आहे की, महाविद्यालय निवडताना तेथील ग्रंथालयाचीही चौकशी करावी. आणि विद्यार्थी मित्रहो, ग्रंथपालास प्रश्न विचारण्यास संकोच करू नका. तुमचे प्रश्नच त्यास पुन्हा विद्यार्थी होण्यास लावितात.