संशयाला न सुचलेले प्रेम

गोविंद बल्लाळ देवलांनी आधी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ या नावाने गद्यात रचलेले आणि पुढे पदांची जोड देऊन ‘संगीत संशयकल्लोळ’ केलेले प्रहसन १९१६ साली, कर्त्याच्या निधनानंतर काही महिन्यांतच, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले, तेव्हा रेवतीच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व होते. अश्विनशेठ जिच्यावर अनुरक्त होतो ती रेवती पुरुषच आहे, हे थिएटरातल्या शेवटच्या बाकावरच्या प्रेक्षकालाही पक्के ठाऊक असे. तरीही त्या अनुरागाने कोणाचे चित्त विचलित झाले नाही, कारण नाटकाचा परवाना हाती असला की समाज पुष्कळ गोष्टींकडे काणाडोळा करतो. आपल्या जव्हार-मोखाड्याच्या बोहाडा उत्सवात मुखवटा चढवून देवी होणाऱ्या पुरुषालाही हीच मुभा आहे.

ही मुभा रंगमंचावरून खाली उतरवून खऱ्या आयुष्यात मागण्याचा उद्योग अलीकडे इंग्रजीतील किशोरवाङ्मयाने आरंभिला आहे. शेक्सपिअर, मोलियेर आदींच्या जुन्या विनोदी नाटकांचा सांगाडा घ्यावयाचा, त्यातील नायक-नायिकेच्या जागी शाळकरी वयाचे दोन मुलगे किंवा दोन मुली ठेवावयाच्या, आणि गैरसमज, चोरट्या चिठ्ठ्या, वेषांतर ही सारी सामग्री जशीच्या तशी वापरावयाची, अशी ही रीत आहे. अॅलिस वू यांचा २०२० सालचा ‘द हाफ ऑफ इट’ हा चित्रपट याच वाटेचा: एदमाँ रोस्ताँच्या १८९७ च्या ‘सिरानो’ नाटकात दुसऱ्याच्या नावाने प्रेमपत्रे लिहिणारा जो सरदार आहे, त्याच्या जागी येथे रेल्वेच्या एका लहानशा गावातील मुलगी आली आहे, आणि ज्या मुलीला ती एका मित्राच्या वतीने पत्रे लिहिते तिच्यावरच तिचा जीव जडला आहे.

मराठीने या प्रेमाला अश्रू दिले, हसू मात्र दिले नाही. तेंडुलकरांचे १९८१ चे ‘मित्राची गोष्ट’ शोकान्त आहे; सचिन कुंडलकरांच्या २००६ च्या ‘कोबाल्ट ब्लू’ या कादंबरीत भाऊ आणि बहीण घरी राहावयास आलेल्या एकाच तरुणावर प्रेम करतात, म्हणजे प्रहसनाचा ऐन मसाला हाताशी असूनही लेखकाने त्यातून विरहच काढला. तो त्याचा हक्क आहे, आणि कादंबरी उत्तम आहे. परंतु सोळा वर्षांच्या मुलाने आपल्यासारख्याची कथा हाती घ्यावी आणि ती दर वेळी करुणच निघावी, हा त्याच्यावर अन्याय आहे असे मला वाटते.

माझी तजवीज अशी, की कोणी तरी किशोरांच्या कादंबरीसाठी ‘संशयकल्लोळ’च उचलावे आणि ते बोईसरला आणून सोडावे. १९६९ साली तारापूरची अणुवीज सुरू झाल्यापासून आणि औद्योगिक वसाहत वाढल्यापासून या गावात देशभरचे बिऱ्हाडकरू एकमेकांच्या खिडक्यांसमोर राहतात. नाटकातल्या संशयी फाल्गुनरावाला याहून सोयीचा मुलूख सापडणार नाही. घोटाळा माजवणाऱ्या तसबिरीचे काम मोबाईल करील. संध्याकाळच्या डहाणू लोकलमध्ये पालघरच्या कॉलेजातून परतणारे दोन मुलगे दाराशी उभे आहेत, इयरफोनचे एक टोक याच्या कानात, दुसरे त्याच्या, एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर; डब्यातल्या कोणाच्याही कपाळाला आठी पडत नाही. त्याच डब्यात वर्गातील मुलीने त्यांच्यापैकी एकाला नुसती वही परत केली, की बोईसर येईपर्यंत तिच्या घरी वर्दी पोहोचलेली असते. सारा संशय चुकीच्या जोडीमागे धावतो आहे आणि खरी जोडी भर गर्दीत सुरक्षित उभी आहे, हा विनोद देवलांनाही सुचला नसता.

अडचण शेवटाची आहे. प्रहसनाला अखेरीस लग्न लागते. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीपुरता ३७७ कलमाचा फास सैल केला खरा, पण १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता देण्याचे नाकारले. पण रेवतीही नायकिणीच्या घरची होती आणि तिला कुलीन घरात सून म्हणून येण्याची वाट त्या काळच्या समाजाने तरी कुठे मोकळी ठेवली होती; देवलांनी ती काढलीच. शिवाय कॉलेजात नुकत्याच गेलेल्या पोरांना लग्नाची नव्हे, बारावीची धास्ती असते. खरा पेच निराळाच आहे. देवलांच्या नाटकात खरे काय ते कळले की संशय फिटतो. बोईसरच्या या कादंबरीत खरे काय ते कळले की संशय सुरू होईल. हा पेच सोडविणारा लेखक भेटेपर्यंत फाल्गुनरावांनी त्या वहीवाल्या मुलीचाच पाठलाग करीत राहावे. तिची समजूत काढण्याची जबाबदारी मात्र त्या दोघा मुलांवर.