काळा रंग म्हणजे मोकळी वाट?

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांनी कॉम्प्युटरवर विमान उडवलंय? हात वर करा पाहू!

माझा भाचा सातवीत आहे. सुट्टीत कामोठ्याला आमच्याकडे आला, की त्याची पहिली धाव कॉम्प्युटरकडे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी आपल्या जवळच्या नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली. तेव्हापासून त्याचा एकच हट्ट : "मावशी, बघ, मी आपल्या विमानतळावर उतरतो."

एकदा त्यानं मुद्दाम पावसाळी हवा निवडली. विमानातल्या नकाशाच्या पडद्यावर समोर लालभडक डाग दिसला. "हे वादळ," असं म्हणून त्यानं शहाण्यासारखं विमान बाजूच्या काळ्या भागाकडे वळवलं. थोड्याच वेळात धडाम! विमान माथेरानच्या डोंगरावर! धोक्याची सूचना देणारा आवाज त्यानं 'कटकट नको' म्हणून आधीच बंद करून ठेवला होता.

"असं कसं गं मावशी? इथे तर काळं होतं. काळं म्हणजे मोकळं ना?"

खेळात बटण दाबलं की नवं विमान मिळतं. खऱ्या आकाशात मिळत नाही. म्हणून त्याच्या प्रश्नाचं उत्तर आज आपण नीट समजून घेऊया.

पाहणारा पडदा

मोठ्या विमानाच्या नाकात एक चपटी तबकडी असते. हा हवामान रडार. तो समोर रेडिओलहरी सोडतो. त्या पावसाच्या थेंबांवर आपटून परत येतात. डोंगरात आपण 'ओ' दिली की प्रतिध्वनी येतो ना, तसंच. फक्त या लहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतात. दीडशे किलोमीटरवरच्या पावसाला शिवून परत यायला त्यांना किती वेळ लागेल? सेकंदाचा फक्त हजारावा भाग!

लहर परत यायला लागलेल्या वेळावरून पाऊस किती लांब आहे ते कळतं आणि तिच्या जोरावरून तो किती मोठा आहे ते. हलका पाऊस हिरवा, मध्यम पिवळा आणि मुसळधार लाल.

पण या रडारच्याही खोडी आहेत बरं का! त्याला थेंब चांगले दिसतात, पण नुसता ढग किंवा कोरडं बर्फ नीट दिसत नाही. शिवाय पाऊस फार दाट असला, तर तो लहरी गिळून टाकतो. मग त्या पावसामागे आणखी मोठं वादळ असलं, तरी पडद्यावर ती जागा काळी दिसू शकते. म्हणजे इथे काळा रंग 'मोकळं आहे' असं म्हणत नाही. तो एवढंच म्हणतो, 'मला तिकडून काही ऐकू आलं नाही.'

आठवणारा पडदा

आता डोंगरांचं पाहू. डोंगर दाखवणारी यंत्रणा बाहेर बघतच नाही! तिच्या पोटात सगळ्या जगाच्या उंचसखल जमिनीचा नकाशा भरलेला असतो. उपग्रहांच्या मदतीनं विमान कुठे आहे ते तिला कळतं. मग ती विमानाची उंची आणि डोंगराची उंची यांची तुलना करून रंग भरते. ढग असोत, काळोख असो, तिला फरक पडत नाही.

इथे लाल म्हणजे पाऊस नव्हे. इथे लाल म्हणजे 'हा डोंगर तुझ्यापेक्षा बराच उंच आहे'. म्हणून विमान खाली येऊ लागलं, की तोच डोंगर हिरव्याचा पिवळा आणि पिवळ्याचा लाल होतो. डोंगर जागचा हलत नाही, आपण खाली येत असतो! डोंगर वाटेतच असेल, तर ही यंत्रणा साधारण मिनिटभर आधी सावध करते आणि तरीही वैमानिकानं ऐकलं नाही, तर 'पुल अप!' म्हणजे 'वर घे!' असं ओरडते.

हिचीही एक मेख आहे. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापून काढली. जुन्या नकाशात ती अजून उभीच असेल. म्हणून नकाशा वेळोवेळी नवा करावा लागतो.

हे सगळं कशासाठी?

१२ जुलै १९४९ रोजी दिल्लीहून मुंबईला येणारं के.एल.एम. कंपनीचं विमान पावसाळी हवेत घाटकोपरच्या डोंगरावर आदळलं. आतले सर्व ४५ जण गेले. ७ जुलै १९६२ रोजी मुंबईकडे येणारं अलितालिया कंपनीचं विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं आणि ९४ जणांचा मृत्यू झाला. आपण कुठे आहोत याचा अंदाज चुकल्यानं ते वेळेआधीच खाली येऊ लागलं होतं.

असे अपघात टाळण्यासाठी डॉन बेटमन नावाच्या इंजिनिअरनं आयुष्य वेचलं. त्यांची पहिली यंत्रणा फक्त विमानाच्या खालची जमीन मोजायची. समोर एकदम उभा कडा आला, तर सावध करायला तिला फार थोडा वेळ मिळे. १९९०च्या दशकात तिला जगाचा नकाशा जोडला आणि ती पुढचंही सांगू लागली.

बऱ्याच विमानांत एका पडद्यावर एका वेळी पाऊस किंवा डोंगर, यांपैकी एकच दाखवता येतं. म्हणून अवघड जागी एक वैमानिक आपल्या पडद्यावर पाऊस लावतो, दुसरा डोंगर लावतो आणि दोघं एकमेकांशी बोलत राहतात. माझ्या भाच्यानं फक्त पाऊस लावला होता. डोंगर बघायला शेजारी कुणीच नव्हतं!

करून पाहा

माथेरान सुमारे २६०० फूट उंच आहे, प्रबळगड २३०० आणि कर्नाळा १४००. नियम असा : डोंगर विमानापेक्षा २००० फुटांहून जास्त उंच असेल तर लाल. त्याहून कमी उंच असेल, किंवा विमानाच्या खाली ५०० फुटांपर्यंत असेल, तर पिवळा. ५०० ते २००० फूट खाली असेल तर हिरवा. त्याहूनही खाली असेल तर काळा. आता विमान ५००० फुटांवर, ३००० फुटांवर आणि ५०० फुटांवर असताना तिघांचे रंग वहीत भरा. आईबाबांनाही सोडवायला द्या!

आता भाचा खेळायला बसला, की मला शेजारी बसवतो. मी दुसऱ्या पडद्यावर डोंगर लावते. वळण घेण्याआधी तो न चुकता विचारतो, "मावशी, तुझ्याकडे कुठला रंग आहे?"

(उत्तरं : ५००० फुटांवर तिन्ही काळे. ३००० फुटांवर माथेरान पिवळं, प्रबळगड आणि कर्नाळा हिरवे. ५०० फुटांवर माथेरान लाल, प्रबळगड आणि कर्नाळा पिवळे.)