अक्षर अरुंद करायचं म्हणजे दाबायचं नव्हे

गणेशोत्सवाचं किंवा दिवाळीच्या कार्यक्रमाचं पत्रक करताना हमखास येणारी अडचण म्हणजे शीर्षक लांब आणि जागा कमी. मग आपण शब्दाची चौकट माउसने धरून आत ढकलतो. शब्द मावतो, पण बेढब दिसतो. असं का होतं?

समजा, अक्षराच्या उभ्या आणि आडव्या रेषा २० एकक जाड आहेत. रुंदी ६० टक्क्यांवर आणली की उभी रेषा १२ एकक उरते, आडवी मात्र २०च राहते. देवनागरीत तर शब्दावर शिरोरेषा असते. त्यामुळे काडीसारख्या खांबांवर जाडजूड तुळई ठेवल्यासारखं दिसतं.

म्हणूनच ठळक आणि अरुंद, म्हणजे ‘बोल्ड कंडेन्स्ड’ टाइपफेस मुळापासून वेगळा काढावा लागतो. जेफ्री ली यांचा १९६५ सालचा ‘इम्पॅक्ट’ हे त्याचं ठळक उदाहरण. विंडोजबरोबर तो घरोघरी पोहोचला आणि पुढे मीम्सवर दिसू लागला. त्याच्या उभ्या रेषा जाड, आतल्या पोकळ्या मात्र फटींएवढ्या. मथळ्याला तो झकास शोभतो; पण त्यात अख्खा परिच्छेद लिहिला तर काळा ठोकळा होतो.

या पोकळ्यांवर इतकं काय अवलंबून आहे? आपण अक्षर ओळखतो ते रेषेइतकंच तिच्या आतल्या रिकाम्या जागेवरून. अर्विंगमधल्या हायवेंवरच्या हिरव्या पाट्या आठवा. रात्री गाडीच्या दिव्यांत पांढरी अक्षरं उजळतात, चमक कडांबाहेर सांडते आणि इंग्रजी स्मॉल ‘ए’, ‘ई’ यांची पोटं भरून जातात. हे टाळायला ‘क्लिअरव्ह्यू’ टाइपफेसमध्ये पोकळ्या मोठ्या ठेवल्या आणि टेक्ससने तो पाट्यांवर वापरला. केंद्रीय महामार्ग प्रशासनाने त्याला २००४ मध्ये तात्पुरती मान्यता दिली, २०१६ मध्ये काढून घेतली आणि २०१८ मध्ये पुन्हा दिली. फायदा नक्की किती, यावर एवढा खल झाला!

देवनागरीत पेच आणखी अवघड आहे. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांच्यातला फरक मुख्यतः शिरोरेषेतली फट आणि डावीकडची छोटी गाठ एवढाच. अक्षर जाड करून दाबलं की फट बुजते. मग ‘धन’चं ‘घन’ होतं आणि ‘भार’चा ‘मार’! शिवाय वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार यांना जागा सोडावी लागते. त्यामुळे इंग्रजी कॅपिटल अक्षरांसारखी सगळी उंची मूळ अक्षराला मिळत नाही.

कुशल आरेखक रेषा जिथे मिळतात तिथे त्या किंचित बारीक करतात, शिरोरेषा हलकी ठेवतात, गाठी सोप्या करतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ने २०२२ मध्ये आणलेल्या ‘अनेक’ या टाइपफेसमध्ये रुंदी ७५ ते १२५ टक्क्यांपर्यंत बदलता येते, आणि रेषांची जाडी त्याबरोबर सांभाळली जाते. तो गूगल फॉन्ट्सवर मोफत आहे. अरुंद मथळ्यांसाठी ‘टेको’ आणि ‘खंड’ही तिथे आहेत.

तेव्हा पुढचं पत्रक करताना चौकट ढकलू नका. अरुंद फॉन्ट निवडा, नाहीतर शीर्षक दोन ओळींत मांडा. मग पत्रक फोनवर अंगठ्याएवढं करून पाहा. ‘ध’ची फट दिसतेय ना? मग पाठवा खुशाल.